'डिनाय' की 'रिफ्यूज': शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं उत्तर आणि अडकलेलं शेड्यूल

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली ही एक मध्यम फाउंड्री, म्हणजे धातूचं ओतकाम करणारा कारखाना. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पत्रातल्या वाक्यांना मात्र हात लावलेला नाही, कारण सगळं प्रकरण त्या वाक्यांवरच उभं आहे.

बिडाची कास्टिंग ओतायची, फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंग करून ती साफ करायची, थोडं मशिनिंग आणि माल रवाना, असं इथलं काम. मालकांना सगळा कारखाना आप्पा म्हणतो. त्यांच्या वडिलांचं वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात होतं, तिथं ऑइल इंजिनाचे पार्ट बनायचे. आप्पांनी शिरोलीत जागा घेतली, भट्टी टाकली आणि पुढे निर्यातही सुरू केली. क्वालिटी त्यांचा मुलगा बघतो. एक्स्पोर्टच्या टेबलावर एक मुलगी आहे, बी.कॉम. झालेली, कामाला चोख. शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, बँकेची कागदपत्रं यांत तिची चूक सापडणं कठीण.

ब्रिटनमधला एक पंप बनवणारा ग्राहक यांच्याकडून पंपाच्या बॉड्या घेतो. निम्मं मशिनिंग इथं होतं. पाण्याच्या टाकीत हवेच्या दाबानं लीक टेस्ट होते आणि मग माल जातो. शेवटचं बोरिंग आणि फेस मशिनिंग ग्राहक आपल्या कारखान्यात करतो. हा तपशील पुढे लागणार आहे.

निर्यात करणाऱ्या युनिटांचा इंग्रजी पत्रव्यवहार तपासून देणं हे माझं काम. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा पहिलं उत्तर जाऊन चुकलं होतं.

तक्रार आणि तिला गेलेलं उत्तर

जुलैमध्ये ग्राहकाच्या क्वालिटी इंजिनिअरचा ई-मेल आला. त्यात तीन गोष्टी होत्या. शेवटच्या मशिनिंगनंतर काही बॉड्या गळतायत आणि आमच्या मते कारण कास्टिंगमधले ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेली छिद्रं, आहेत. आमच्या गोदामात पडलेला बाकीचा लॉट तुमच्या खर्चानं सॉर्ट करून, म्हणजे तपासून सदोष नग वेगळे काढून, घ्यावा लागेल, त्याला मान्यता द्या. आणि बदली नग विमानानं पाठवा.

आप्पा त्या वेळी गोकुळ शिरगावला एका मीटिंगमध्ये होते. मुलीनं फोन केला. आप्पा म्हणाले, "माल लीक टेस्ट होऊन गेलाय आपल्याकडनं. हे नाकारायचं. बदली माल आत्ता न्हाई, आधी तपास होऊ दे. आणि सॉर्टिंगचा खर्चबी नाकार म्हणावं." फोन ठेवला.

तिनं अकराच्या सुमारास उत्तर पाठवलं:

"वुई रिफ्यूज युवर कम्प्लेंट ऑफ लीकेज. वुई डिनाय टु सेंड रिप्लेसमेंट बिफोर इन्व्हेस्टिगेशन. वुई ऑल्सो डिनाय द सॉर्टिंग चार्जेस."

दुसऱ्या दिवशी आलेलं उत्तर क्वालिटी इंजिनिअरचं नव्हतं, खरेदी विभागाच्या प्रमुखाचं होतं. तुम्ही तक्रार हाताळायलाच नकार दिला आहे, तेव्हा मालाच्या पुढच्या मागणीचं शेड्यूल थांबवत आहोत. हीच तुमची अंतिम भूमिका आहे का, ते दोन कामकाजाच्या दिवसांत कळवा.

आप्पा हैराण. "मी कुठं म्हटलं तक्रार ऐकणार नाही म्हणून? आमच्यात दोष नाही एवढंच म्हणायचं होतं मला."

दोन क्रियापदांमधलं अंतर

इथं थोडं थांबायला हवं. व्याकरणाची चूक म्हणून ही गोष्ट पुढे ढकलली तर खरी गाठ हाती लागत नाही.

'डिनाय' तिथं येतं, जिथं समोरच्यानं काहीतरी विधान केलेलं असतं. तुम्ही म्हणता, हे असं नाही, असं घडलेलं नाही. 'रिफ्यूज' तिथं येतं, जिथं समोरच्यानं काही मागितलेलं असतं किंवा देऊ केलेलं असतं. तुम्ही म्हणता, हे मी करणार नाही, देणार नाही, घेणार नाही. पहिल्यात वाद खऱ्याखोट्याचा असतो, दुसऱ्यात करण्या-न करण्याचा.

वाक्यरचनेतला फरकही यातूनच येतो. 'रिफ्यूज'पुढे 'टु' लावून क्रिया येते. आजच्या इंग्रजीत 'डिनाय'पुढे ती तशी येत नाही. तिथं 'दॅट' लागतं, नाहीतर 'इंग'वालं रूप. "ही रिफ्यूज्ड टु साइन" म्हणजे त्यानं सही केली नाही. "ही डिनाइड साइनिंग" म्हणजे सही त्याची आहे असा कोणाचा तरी दावा आहे आणि तो म्हणतो, मी केलेली नाही. पहिल्या कागदावर सहीची जागा कोरी आहे. दुसऱ्या कागदावर सही असू शकते, भांडण तिच्यावरूनच आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पोस्टानं आलेलं पाकीट घ्यायला माणूस तयार नसला की पोस्टमन त्यावर 'रिफ्यूज्ड' असा शेरा मारतो. 'डिनाइड' असा शेरा कोणी पाहिलेला नसेल. पाकीट घेतलं नाही, एवढंच त्या शेऱ्यात असतं. आतला मजकूर खरा की खोटा, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. किंबहुना पाकीट परत पाठवणाऱ्यानं ते उघडलेलंही नसतं. म्हणूनच "वुई रिफ्यूज युवर कम्प्लेंट" हे ब्रिटिश माणसाला तसं लागलं. तक्रार न उघडता परत केली, हात झटकले. आप्पांना म्हणायचं होतं ते 'डिनाय'मध्ये बसलं असतं.

दुसऱ्या वाक्यात बरोबर उलटं झालं. तिथं 'रिफ्यूज' हवं होतं आणि 'डिनाय टु सेंड' पडलं. अर्थ कसाबसा पोचतो, पण वाक्य मोडकं दिसतं. तिसरं वाक्य मात्र घातक आहे. "वुई डिनाय द सॉर्टिंग चार्जेस" याचा सरळ अर्थ असा होतो की असा काही खर्च झालाच नाही, तुम्ही खोटं सांगताय. खर्च व्हायचा होता अजून, आणि त्याबद्दल फक्त परवानगी मागितली होती.

मग एवढी हुशार मुलगी इथं का अडखळली? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, आप्पा 'नाकारायचं' म्हटले, म्हणून मी डिक्शनरीत बघितलो. दोन्हीपुढं नाकारणे हेच होतं. मग आलटून पालटून वापरलो, तेच तेच नको म्हणून."

तिचं म्हणणं रास्त आहे. मराठीत आरोप नाकारतात, निमंत्रण नाकारतात, परवानगी नाकारतात आणि मुलीकडचे स्थळही नाकारतात. इंग्रजीत आरोपाला 'डिनाय', निमंत्रणाला 'डिक्लाइन', आणि परवानगीच्या बाबतीत 'रिफ्यूज' आणि 'डिनाय' दोन्ही चालतात. ही शेवटची जागा फसवी आहे. "ही वॉज रिफ्यूज्ड अ व्हिसा" बरोबर, "ही वॉज डिनाइड अ व्हिसा" हेही बरोबर. जामिनाच्या बातम्यांत ब्रिटिश वर्तमानपत्रं बहुधा 'रिफ्यूज्ड बेल' लिहितात आणि अमेरिकी 'डिनाइड बेल'. त्यात रोज संगणकाच्या पडद्यावर 'ॲक्सेस डिनाइड' दिसतं. त्यामुळे 'डिनाय' म्हणजे न देणं, हा अर्थ आपल्या डोक्यात आधी बसतो. पण त्या अर्थानं वापरताना कोणाला कशापासून वंचित ठेवलं, हे वाक्यात किंवा संदर्भात असावं लागतं. सॉर्टिंगच्या खर्चाच्या वाक्यात तसं काही नव्हतं.

मराठीत हा भेद मुळात नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. कोर्टात आरोपी गुन्हा 'नाकबूल' करतो, सही करायला 'नकार देतो'. बोलताना कोणी ही अदलाबदल करत नाही. 'नाकारणे' हे एक क्रियापद दोन्हीकडे चालतं म्हणून भेद झाकला जातो, एवढंच. त्यामुळे मी तिला जी चाचणी सांगितली ती इंग्रजी व्याकरणाची नव्हती. 'नाकारायचं' ऐकलं की त्या जागी 'नाकबूल' ठेवून बघ आणि मग 'तयार नाही' ठेवून बघ. नाकबूल बसलं तर 'डिनाय', तयार नाही बसलं तर 'रिफ्यूज'. आणखी खात्री हवी असेल तर उलटा शब्द लावायचा. 'डिनाय'च्या उलट 'ॲडमिट', म्हणजे कबुली. 'रिफ्यूज'च्या उलट 'अग्री' किंवा 'ॲक्सेप्ट', म्हणजे होकार.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय मुलानं मांडला: इंग्रजीची चूक झाली असं कळवून मोकळं व्हायचं. सोपा होता, पण ग्राहकाचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: बरं, मग तुमचं म्हणणं काय? त्याचं उत्तर कारखान्यात कोणाकडेच तयार नव्हतं. हे कळलं ते तिन्ही मुद्द्यांवर आप्पांना एकच प्रश्न विचारला तेव्हा: हे खोटं आहे असं म्हणायचंय, की हे करणार नाही असं म्हणायचंय?

गळतीबद्दल आप्पा ठामपणे "खोटं आहे" म्हणाले. मुलगा गप्प होता. मग त्यानं हीट कोडचं रजिस्टर पुढे ठेवलं. हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेली धातूची खेप, आणि कोड म्हणजे तिची खूण. त्यातल्या काही हीट भर पावसातल्या होत्या. कोअर, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे, बाहेरच्या शेडमध्ये राहिले होते आणि ओल धरली असण्याची शक्यता होती. ओल्या कोअरमधून ओतकामाच्या वेळी वायू सुटतो आणि कास्टिंगच्या कातडीखाली अडकतो. इथल्या लीक टेस्टमध्ये ते छिद्र दिसत नाही, कारण वरचा थर शाबूत असतो. शेवटच्या मशिनिंगमध्ये तो थर निघाला की गळती सुरू. म्हणजे "आम्ही टेस्ट केली होती" हे खरं असूनही "दोष आमचा नाही" हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. गळका नग हातात आल्याशिवाय 'डिनाय' म्हणायला आधार नव्हता.

सॉर्टिंगबद्दल विचारल्यावर निघालं ते वेगळंच. सॉर्टिंगला त्यांची हरकत नव्हतीच. भीती दराची होती. तिकडे तासावर मजुरी लागते आणि मागे एकदा न विचारता मोठी डेबिट नोट, म्हणजे आमच्या नावावर खर्च टाकल्याची चिठ्ठी, आली होती. विमानानं माल पाठवायला मात्र ते खरोखर तयार नव्हते. भाडं मालाच्या किमतीच्या वर जाणार होतं.

फोनवर तीनदा 'नाही' म्हटलेलं. त्यातलं खरं 'नाही' एकच निघालं. मला हाच या प्रकरणाचा गाभा वाटतो. मुलीनं दोन्ही क्रियापदं अचूक वापरली असती, तरी पत्र खोटं गेलं असतं.

दुसरा पर्याय वकिलांचा. आप्पांच्या ओळखीचे ज्येष्ठ वकील म्हणाले, जे स्पष्ट शब्दांत नाकारलं नाही ते मान्य धरलं जातं, म्हणून सगळं साफ नाकारा. त्यांच्या बोलण्याला आधार आहे. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 8, नियम 5 नेमकं हेच सांगतो. दाव्यातलं विधान कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, थेट किंवा ओघानं नाकारलं नाही, तर ते कबूल धरलं जातं. त्याआधीचा नियम गुळमुळीत नकारालाही मनाई करतो. पण हे कोर्टातल्या कैफियतीला लागू आहे, ग्राहकाच्या ई-मेलला नाही. शिवाय ग्राहक ज्या देशातला, त्या इंग्लंडच्या दिवाणी नियमांत, भाग 16मध्ये, प्रतिवादीला तीन कप्पे दिलेले आहेत: काय कबूल, काय नाकबूल, आणि काय कबूल किंवा नाकबूल करता येत नाही म्हणून समोरच्यानं सिद्ध करावं. तिसरा कप्पा आप्पांना पटला. त्यांची खरी अवस्था तीच होती.

संध्याकाळपर्यंत आप्पांचा धीर सुटत चालला होता आणि तिसरा पर्याय त्यांनीच काढला. "सगळं मान्य म्हणून टाका, शेड्यूल सोडवा." इथं 'नाकारणे'सारखीच अडचण 'मान्य'ची आली. तक्रार नोंदवून घेतली हेही मान्य, दोष आपला हेही मान्य, खर्च देऊ हेही मान्य. पहिल्याला 'ॲक्नॉलेज', दुसऱ्याला 'ॲडमिट', तिसऱ्याला 'अग्री टु पे'. "वुई ॲक्सेप्ट युवर कम्प्लेंट" असं लिहिलं असतं, तर जबाबदारी घेतली असा अर्थ ग्राहक सहज काढू शकला असता. मग डेबिट नोट कशालाही लागली असती. हा पर्याय मी जोर लावून थांबवला.

काय केलं

तक्रारीचं मूळ शोधून ती सोडवायची आठ टप्प्यांची एट-डी पद्धत इथं कामाला आली. फोर्डनं 1987 साली तिचं हस्तपुस्तक काढलं आणि आज वाहन आणि इंजिनिअरिंग धंद्यात ती सर्रास चालते. आठ टप्प्यांपैकी तिसरा, डी-थ्री, तात्पुरत्या बंदोबस्ताचा: सदोष माल पुढे जाऊ नये म्हणून आत्ता काय करता. मूळ कारण चौथ्या टप्प्यात. म्हणजे मदत आधी, दोष कोणाचा ते नंतर. सॉर्टिंगला हो म्हटल्यानं दोष कबूल होत नाही, हे आप्पांना या तक्त्यावर बोट ठेवून दाखवल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

नवं पत्र आप्पांच्या सहीनं गेलं. पहिल्याच ओळीत आधीचं पत्र मागे घेतलं: त्यात आमची भूमिका बरोबर आलेली नाही. भाषेची सबब दिली नाही, मुलीचं नाव घेतलं नाही. तक्रार नोंदवली, एट-डी सुरू केलं, कोठारातल्या त्याच हीट कोडचा माल अडवून ठेवला, हे त्याखाली.

गळतीच्या मुद्द्यावर "वुई कॅन नायदर कन्फर्म नॉर डिनाय" ही तयार शब्दरचना मुलाला सुचली. ती मी काढायला लावली. अर्थानं ती बरोबर आहे, पण तिला वेगळाच वास लागलेला आहे. 1970च्या दशकात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेनं, बुडालेली सोव्हिएत पाणबुडी गुपचूप वर काढायला नेलेल्या ग्लोमार जहाजाच्या प्रकरणात माहिती न देण्यासाठी ती वापरली आणि तेव्हापासून ती ऐकली की काहीतरी दडवलं जातंय असं वाटतं. आम्ही साधं लिहिलं: "वुई कॅनॉट यट से व्हेदर द लीकेज बिगॅन इन द कास्टिंग." आणि लगेच, गळके नग हीट कोड दिसेल अशा फोटोंसह कुरिअरनं पाठवा.

सॉर्टिंगला होकार दिला, काम सुरू होण्याआधी दर कळवा या अटीवर. शेवटी खर्च कोणी सोसायचा ते मूळ कारण कळल्यावर ठरेल, हेही त्याच वाक्यात. विमानाच्या मागणीवर 'रिफ्यूज' वापरलं नाही. अर्थ तोच असला तरी धंद्याच्या पत्रात स्वतःबद्दल कोणी "वुई रिफ्यूज" लिहीत नाही. दुसरा माणूस तुमच्याबद्दल तक्रार करताना तो शब्द वापरतो. "वुई आर अनेबल टु सेंड रिप्लेसमेंट्स बाय एअर ॲट धिस स्टेज" असं गेलं, आणि जोडीला समुद्रमार्गे माल कधी निघू शकतो ती तारीख.

निष्पत्ती

दोन दिवसांची मुदत संपण्याआधी क्वालिटी इंजिनिअर पुन्हा पत्रव्यवहारात आला, खरेदी प्रमुख बाजूला झाला. आप्पांसाठी तो सुटकेचा क्षण होता. थांबवलेलं शेड्यूल टप्प्याटप्प्यानं सुटलं.

नग आल्यावर ते कापले. काहींत कोअरच्या बाजूला ब्लो होल निघाले, आणि ते पावसाळी हीटचेच होते. बाकीच्यांत कास्टिंग निर्दोष होतं. सीलिंग फेसवर मशिनिंगचे ओरखडे होते आणि गळती तिथून होती. सॉर्टिंगचा खर्च वाटून घेतला गेला. साफ 'डिनाय' लिहिलं असतं तर या निकालानंतर शब्द गिळावे लागले असते. 'ॲडमिट' केलं असतं तर ओरखड्यांचे पैसेही शिरोलीतून गेले असते.

सगळं पूर्ववत मात्र झालं नाही. ग्राहकानं एका पार्टसाठी दुसरा पुरवठादार उभा केला. त्याचं कारण गळती की पहिलं पत्र, हे त्यांनी सांगितलं नाही. कोअर आता बंद खोलीत ठेवतात आणि भरताना पुन्हा तापवतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट वेळेची. जुलैत ब्रिटनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. कोल्हापुरात अकरा वाजता गेलेलं उत्तर तिथं कोणी उठायच्या आधी पोचलं. दीडपर्यंत थांबून, नऊला टेबलावर बसलेल्या इंजिनिअरला फोन केला असता, तर त्यानंच विचारलं असतं, दोष नाही म्हणताय की तक्रार घेत नाही म्हणताय? लेखी शब्दाला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दुसरी, तक्रारीचं उत्तर एक्स्पोर्टच्या टेबलावरून जायलाच नको होतं. हीट रजिस्टर ज्याच्या हाताखाली आहे त्यानं मसुदा करायचा आणि तिनं तो इंग्रजीत उतरवायचा. तिच्याकडे तपासाची माहिती नव्हती, फोनवरचा एक शब्द होता.

तिसरी आप्पांच्या वाट्याची. 'नाकार म्हणावं' ही सूचना म्हणून अपुरी आहे. "गळती आमच्यामुळं आहे हे आम्हाला अजून पटलेलं नाही" असं पूर्ण वाक्य बोलायला त्यांना तेवढाच श्वास लागला असता. आता ती मुलगी फोनवर विचारून घेते, "आप्पा, नाकबूल की तयार न्हाई?" आणि आप्पा उत्तर देतात, कधी कधी विचार करून उलटा फोन करतात.

सॉर्टिंगच्या दराचं कलम पुरवठा करारात अजून आलेलं नाही. नूतनीकरणाच्या मसुद्यात ते टाकलं आहे, ग्राहकाच्या कायदा विभागाचं उत्तर यायचं आहे.